समाधी आणि संहिता : अंबाजोगाईच्या दोन ग्रंथकारांविषयी

१

एखाद्या गावाचे वाङ्मयाशी असलेले नाते दोन प्रकारांनी सांगता येते. अमुक ग्रंथकार येथे राहिला, येथे त्याने ग्रंथ रचला, येथेच त्याने देह ठेवला, असे सांगणे हा एक प्रकार. आणि येथे रचल्या गेलेल्या ग्रंथाचे स्वरूप अमुक आहे, त्याने भाषेत अमुक शक्ती आणली व अमुक आणली नाही, असे सांगणे हा दुसरा. पहिला मार्ग इतिहासाचा, दुसरा समीक्षेचा. या दोहोंचे काम परस्परपूरक असावे, हे तत्त्वतः कोणी अमान्य करणार नाही. व्यवहारात मात्र पहिल्या प्रश्नाचा निकाल लागेपर्यंत दुसरा पुढे ढकलला जातो. आणि पहिल्याचा निकाल लागत नसल्यामुळे दुसऱ्याची पाळी येतच नाही.

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई हे या अवस्थेचे नेमके उदाहरण आहे. बालाघाटाच्या डोंगररांगेवर वसलेले हे लहानसे गाव दोन ग्रंथकारांची समाधिस्थाने सांभाळून आहे : 'विवेकसिंधू'चे कर्ते मुकुंदराज आणि 'गीतार्णव'कार दासोपंत. पहिल्याला मराठीचा आद्यकवी म्हणण्याचा प्रघात आहे. दुसऱ्याइतके विपुल लेखन जुन्या मराठीत क्वचितच कोणी केले असेल. इतका मान असूनही या दोघांना वाचक किती, असा प्रश्न कोणी केला तर त्याचे उत्तर आपल्याला संकोचानेच द्यावे लागेल. मान आणि वाचन यांच्यात एवढे अंतर का पडले, त्याला ग्रंथ किती कारणीभूत आणि आपण किती, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२

आधी गावाविषयी थोडे. अंबाजोगाईचे मुख्य दैवत योगेश्वरी. कोकणस्थांच्या पुष्कळ घराण्यांची ती कुलस्वामिनी. समुद्रकिनाऱ्यापासून इतक्या दूर, घाटमाथ्याच्याही पलीकडे, मराठवाड्यातल्या डोंगरावर तिचे ठाणे कसे, हे कोडे लोकांनी एका कथेने सोडविले आहे. देवीचा विवाह परळीच्या वैजनाथाशी ठरला होता. वऱ्हाड वाटेत खोळंबले, मुहूर्त टळला, देवी कुमारिकाच राहिली आणि वऱ्हाडाचे पाषाण झाले. गावालगत खडकात कोरलेल्या लेण्याला लोक हत्तीखाना म्हणतात. तेथे उभे असलेले दगडी हत्ती त्या वऱ्हाडातलेच, अशी समजूत आहे. मार्गशीर्षात देवीचा उत्सव भरतो तेव्हा ही कथा पुनःपुन्हा सांगितली जाते.

दगडांनी जपलेली दुसरीही एक स्मृती येथे आहे. यादव राजा सिंघण याचा सेनापती खोलेश्वर याचा या गावाशी निकटचा संबंध होता. त्याच्याशी संबंधित तेराव्या शतकातले शिलालेख येथे सापडले आहेत. त्याचा पुत्र राम युद्धात पडला, आणि त्याची कन्या लक्ष्मी हिने भावाच्या स्मरणार्थ येथे मंदिर उभारले, ही हकीकत १२४० च्या लेखातून कळते. हे लेख संस्कृतात आहेत. पराक्रम, दान आणि शोक या तिन्ही गोष्टी ज्या काळी संस्कृतात कोरल्या जात होत्या, त्याच काळाच्या आगेमागे ब्रह्मविद्येसारखा विषय मराठीत मांडण्याचे धाडस याच गावी कोणी केले, असे परंपरा सांगते. परंपरेचे हे सांगणे जसेच्या तसे स्वीकारले नाही, तरी त्यातील विरोध ध्यानात घेण्याजोगा आहे. जे टिकावे म्हणून लिहिले गेले ते दगडावर व संस्कृतात लिहिले गेले. जे कळावे म्हणून लिहिले गेले ते मराठीत.

३

मुकुंदराजांच्या बाबतीत आपल्या संशोधनाने तीन प्रश्न विचारले : केव्हा, कोठे आणि कोणासाठी. 'विवेकसिंधू'त शके १११०, म्हणजे ११८८, असा रचनाकाल आढळतो. तो ग्राह्य धरला तर हा ग्रंथ 'ज्ञानेश्वरी'पूर्वी, १२९० पूर्वी, सुमारे शंभर वर्षे लिहिला गेला असे होते. परंतु आज उपलब्ध असलेल्या संहितेची भाषा तितकी जुनी वाटत नाही. म्हणून कोणी कालनिर्देशावर संशय घेतला, तर कोणी भाषेचा दोष नकलाकारांवर ठेवला. स्थळाविषयीही असाच वाद आहे. ग्रंथात अंबानगरी आणि एक नदी यांचा उल्लेख येतो. मराठवाड्याने ही नगरी म्हणजे अंबाजोगाई असे मानले. विदर्भाने नदीचे नाव वैनगंगा असे वाचून तिच्या काठच्या अंभोऱ्याकडे बोट दाखविले. मुकुंदराजांच्या गुरुपरंपरेतील हरिनाथांची समाधी म्हणून तेथेही एक स्थान दाखविले जाते. राजा जैत्रपाळ याच्याविषयी तर दोन तर्क आहेतच : कोणी त्याला देवगिरीचा यादव जैतुगी समजतात, कोणी बैतूलजवळच्या खेरल्याचा जैतपाल. मुकुंदराजस्वामींनी एका जैतपाल राजाच्या तावडीतून साधूंना सोडविले ही कथा त्या खेरल्याच्या किल्ल्याभोवतीही सांगितली जाते. ज्या ग्रंथकारावर महाराष्ट्राच्या दोन विभागांनी आणि मध्यप्रदेशातल्या एका किल्ल्यानेही हक्क सांगावा, त्याचे भाग्य मोठेच म्हटले पाहिजे.

हा वाद निरर्थक आहे असे मला म्हणावयाचे नाही. काळ ठरल्यावाचून भाषेचा इतिहास लिहिता येत नाही, आणि स्थळ ठरल्यावाचून बोलीचा विचार करता येत नाही. आक्षेप एवढाच आहे की, या वादात ग्रंथ साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा केला जातो. त्याला सन विचारला जातो, नदीचे नाव विचारले जाते, राजाची ओळख विचारली जाते. त्याला जे सांगावयाचे आहे ते मात्र कोणी ऐकून घेत नाही. वि. ल. भाव्यांच्या 'महाराष्ट्र सारस्वता'पासून वाङ्मयेतिहासाची किती पाने मुकुंदराजांनी व्यापली आहेत हे पाहावे. आणि त्यांतील किती पाने त्यांच्या विवेचनपद्धतीसाठी खर्च झाली आहेत, हेही पाहावे. 'आद्य' या विशेषणाने मुकुंदराजांचा फार मोठा तोटा केला आहे. आद्य म्हटले की पहिलेपणा सिद्ध करण्याची चिंता लागते, आणि पहिलेपणाच सिद्ध होत नसेल तर उरलेल्या गुणांकडे पाहण्याची इच्छाच राहत नाही.

४

समजा, 'विवेकसिंधू' शके १११० चा नाही; समजा, तो अंबाजोगाईत लिहिलेलाही नाही. तरीही तो मराठीतला एक विशिष्ट जातीचा ग्रंथ आहे, आणि त्या जातीचे ग्रंथ मराठीत थोडे आहेत. पूर्वार्धाची सात आणि उत्तरार्धाची अकरा अशी अठरा प्रकरणे त्यात आहेत. विषय शांकर अद्वैताचा; मांडणी गुरुशिष्यसंवादाची. सृष्टीची उत्पत्ती, देहाची घडण, जीव आणि ईश्वर यांचे स्वरूप, महावाक्याचा अर्थ असा क्रम लावून ग्रंथकार पुढे जातो. तो शिष्याला शंका घेऊ देतो, त्या शंकेचे निरसन करतो, आणि निरसन झाल्यावाचून पुढचे पाऊल टाकत नाही. मराठीत लिहितो म्हणून ग्रंथाची उपेक्षा होऊ नये, ही काळजी त्याच्या ग्रंथातही डोकावते. पण भाषेचा अभिमान उभारून तो थांबत नाही. लगेच कामाला लागतो.

अशा ग्रंथाला काव्याचे माप लावले की तो उणा पडणार, हे उघड आहे. 'ज्ञानेश्वरी' वाचून जो वाचक 'विवेकसिंधू'कडे येतो त्याला ओव्या कोरड्या वाटतात, दृष्टान्त तुटपुंजे वाटतात, आणि तो ग्रंथ बाजूला ठेवतो. परंतु ज्ञानेश्वरांना काय हवे होते आणि मुकुंदराजांना काय हवे होते, यातला भेद येथे विसरला जातो. ज्ञानेश्वर विचाराला अनुभवाचे रूप देतात; उपमेवर उपमा रचून ते श्रोत्याला अशा ठिकाणी नेऊन सोडतात की तेथे शंका विचारण्याचे त्याला सुचतच नाही. मुकुंदराज शंकेला जागा ठेवतात. त्यांची ओवी गाण्यासाठी लिहिलेली नाही. ती पाठ करण्यासाठी, आणि पाठ करून तिच्यावर विचार करण्यासाठी लिहिली आहे. संज्ञा एकदा आली की तिचा अर्थ ठरतो, आणि पुढे ती त्याच अर्थाने येते. हा गुण काव्याचा नव्हे, शास्त्राचा आहे. आणि मराठीला शास्त्राची भाषा कधी व कशी मिळाली या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपण एकोणिसाव्या शतकातील पाठ्यपुस्तकांपासून आरंभ करतो, ही मोठी चूक आहे. पदाची व्याख्या करणे, विषयाचे विभाग पाडणे, पूर्वपक्ष मांडून त्याचे खंडन करणे, या क्रिया मराठीत त्यापूर्वी कित्येक शतके चालू होत्या. त्या पद्यात चालू होत्या म्हणून आपण त्यांना काव्य म्हटले, आणि मग काव्य म्हणून कमी लेखले.

अर्थात या ग्रंथाला मर्यादाही आहेत, आणि त्या झाकून त्याचा कैवार घेण्यात अर्थ नाही. मुकुंदराजांचा शिष्य शंका विचारतो, पण त्याची शंका कधी गुरूला अडचणीत आणत नाही. ती उत्तरासाठी विचारलेली असते; उत्तर आधीच तयार असते. खऱ्या वादातली अनिश्चितता या संवादात नाही. त्यामुळे विवेचन स्पष्ट होते, परंतु त्यात नाट्य निर्माण होत नाही. हा दोष त्या काळच्या बहुतेक प्रकरणग्रंथांचा आहे, एवढे म्हणून तो क्षम्य ठरेल. गुण ठरणार नाही.

५

मुकुंदराजांच्यानंतर निदान साडेतीन शतकांनी, परंपरेचा काळ धरला तर चार शतकांनी, दासोपंत या गावी आले. जन्म १५५१ चा, नारायणपेठेच्या देशपांडे घराण्यातला. निधन १६१५ चे, अंबाजोगाईतले. वसुलीचा भरणा न झाल्यामुळे बीदरच्या बादशहाने मुलाला ओलीस ठेवून घेतले, मुदतीत रक्कम आली नाही तर धर्मांतर करविण्याचे ठरविले, आणि ऐन वेळी दत्ताजी पाडेवार नावाच्या अनोळखी माणसाने पैसे भरून त्याला सोडविले, ही कथा प्रसिद्ध आहे. हा पाडेवार म्हणजे साक्षात दत्त, असे भाविक मानतात. पुढे माहूरची तपश्चर्या, आणि तेथून अखेर अंबाजोगाई. गीतेवरचा सव्वा लाख ओव्यांचा 'गीतार्णव', 'गीतार्थबोधचंद्रिका', 'ग्रंथराज', 'पदार्णव' अशी त्यांची ग्रंथसंपदा आहे. एकनाथांचे ते समकालीन. एकनाथपंचकात त्यांची गणना होते.

सव्वा लाख हा आकडा आपण आदराने उच्चारतो आणि पुढे जातो. त्याचा अर्थ काय, हे थोडे मोजून पाहू. गीतेचे श्लोक सातशे. 'ज्ञानेश्वरी'च्या ओव्या नऊ हजारांच्या आसपास. म्हणजे एका श्लोकामागे सरासरी तेरा ओव्या. 'गीतार्णवा'त एका श्लोकामागे सरासरी पावणेदोनशेहून अधिक ओव्या पडतात. हा फरक केवळ विस्ताराचा नाही, प्रकाराचा आहे. तेरा ओव्यांत टीकाकार श्लोकाला धरून असतो. त्याला दृष्टान्त निवडावा लागतो, आणि निवडण्यातच त्याची प्रतिभा दिसते. पावणेदोनशे ओव्यांत श्लोक हे केवळ निमित्त उरते. टीकाकार त्याला ठाऊक असलेले सारे त्यात ओतू लागतो : लोकव्यवहार, पंथोपपंथांची निंदा-स्तुती, माणसांच्या सवयी, शब्दांच्या रांगाच्या रांगा. यालाच आपले अभ्यासक पाल्हाळ म्हणत आले आहेत, आणि सलग वाचणाऱ्याला तो पाल्हाळ जाणवतो यात संशय नाही.

तथापि, पाल्हाळ हा दोष ग्रंथ सलग वाचला जावा अशा अपेक्षेने लिहिलेला असेल तरच पूर्णपणे लागू पडतो. दासोपंतांचे लेखन हे नित्यकर्म होते. रोज ढबू पैशाची शाई त्यांना लागे, असे सांगतात. ज्याचे लिहिणे हेच अनुष्ठान आहे, त्याला 'पुरे' म्हणण्याचे कारण नसते. जपाची संख्या वाढली म्हणून जप करणाऱ्याला कोणी पाल्हाळिक म्हणत नाही. या दृष्टीने पाहिले म्हणजे 'गीतार्णवा'चे मूल्य त्याच्या रचनेत शोधणे व्यर्थ ठरते. ते त्याच्या शब्दांत आणि तपशिलांत शोधावे लागते. सोळाव्या-सतराव्या शतकांच्या संधिकालातली मराठी किती अंगांनी जगत होती, याचा एवढा मोठा साठा दुसरीकडे मिळणे कठीण आहे. कोशकार, भाषेचा अभ्यासक, समाजेतिहासाचा अभ्यासक यांना जे हवे ते येथे आहे. रसिकाला मात्र वेचूनच वाचावे लागेल, आणि तसे सांगण्यात ग्रंथकाराचा अपमान नाही.

६

येथे दोन आख्यायिका शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. मुकुंदराजांची आख्यायिका अशी की, राजाला ब्रह्माचा साक्षात्कार हवा होता, तोही एक पाय रिकिबीत ठेवून दुसरा घोड्यावरून पलीकडे जाईपर्यंतच्या वेळात. ज्या साधूंना हे जमले नाही त्यांना त्याने कष्टाच्या कामाला लावले. मुकुंदराजांनी ते करून दाखविले. दासोपंतांची आख्यायिका शाईची. एकाची स्मृती लोकांनी क्षणाच्या मापाने जपली, दुसऱ्याची दौतीच्या मापाने. ग्रंथ न वाचताही लोकांनी दोघांच्या लेखनाचा स्वभाव ओळखला होता असे यावरून वाटते; आख्यायिका ही एका अर्थी लोकांनी केलेली समीक्षाच असते.

परंतु ही समीक्षा अर्धीच खरी आहे. 'विवेकसिंधू' हा मोजक्या शब्दांचा ग्रंथ आहे हे खरे. पण तो क्षणात साक्षात्कार घडविण्याचे आश्वासन देत नाही. श्रवण, मनन, निदिध्यासन ही वेदान्ताची पायरीपायरीची वाट आहे, आणि प्रकरणामागून प्रकरण रचणारा हा ग्रंथकार त्याच वाटेचा आहे. रिकिबीतला पाय आणि अठरा प्रकरणे यांचा मेळ बसत नाही. आख्यायिकेला चमत्कार हवा होता. ग्रंथाला विद्यार्थी हवा होता. समाधीवर फूल वाहणारा भाविक आख्यायिकेतल्या मुकुंदराजांना नमस्कार करतो. ग्रंथातले मुकुंदराज शिष्याची वाट पाहत राहतात. गावाने जपलेला वारसा आणि ग्रंथाने ठेवलेला वारसा यांच्यातले अंतर ते हेच.

७

हे अंतर सर्वांत स्पष्ट दिसते ते दासोपंतांच्या पासोडीत. पासोडी म्हणजे जाड कापडाचे पांघरूण. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा कापडावर दासोपंतांनी 'पंचीकरण' लिहिले. सोळाशेच्या आसपास ओव्या, आणि त्यांच्या जोडीला आकृती व कोष्टके. ही पासोडी अंबाजोगाईच्या देवघरात पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली गेली. पाहणारा तिची लांबी पाहून थक्क होतो आणि हात जोडतो. ती कापडावर का लिहिली, हा प्रश्न मात्र विस्मयात बुडून जातो.

वास्तविक त्याचे उत्तर विषयातच असावे. पंचीकरण म्हणजे पंचमहाभूतांच्या मिश्रणाची प्रक्रिया. प्रत्येक सूक्ष्म भूताचे दोन अर्ध करावयाचे. एक अर्ध तसेच ठेवावयाचे, दुसऱ्याचे चार भाग करून ते उरलेल्या चार भूतांत वाटावयाचे. अशा रीतीने प्रत्येक स्थूल भूतात अर्धा अंश स्वतःचा आणि अष्टमांश-अष्टमांश इतर चौघांचा होतो. मग या मिश्रणांतून देह, इंद्रिये, अंतःकरण, प्राण यांची उभारणी सांगावयाची. हा विषय नुसत्या बोलण्याने डोक्यात राहणे अवघड. तो मांडून दाखवावा लागतो. पोथीचे सुटे पान एका वेळी थोडेच दाखविते, आणि पान उलटले की मागचा संबंध दृष्टीआड होतो. पसरलेल्या कापडावर मात्र साऱ्या सृष्टीचा पसारा एकाच वेळी डोळ्यांपुढे ठेवता येतो. भोवती बसलेल्या शिष्यांना बोट ठेवून हे कोठून आले, ते कोठे मिळाले, असे सांगता येते. माझ्या समजुतीप्रमाणे पासोडी ही शिकविण्याची वस्तू आहे. शाळेच्या भिंतीवरील नकाशाशी तिचे नाते आहे. दासोपंतांसारख्या पाल्हाळिक म्हणून हिणविलेल्या ग्रंथकाराने एका किचकट विषयासाठी इतकी आटोपशीर युक्ती योजावी, यावरून त्यांच्याविषयीचे आपले मत किती घाईचे आहे ते कळून येते.

असे हे शिकविण्याचे साधन पुढे पूजेची वस्तू झाले. न. शे. पोहनेरकरांनी तिची संहिता संपादून वाचकांपुढे ठेवली, तेव्हा पासोडी पुन्हा एकदा वाचण्याची वस्तू झाली. संपादकाच्या अशा कामाचे मोल आपण पुरेसे ओळखलेले नाही.

८

जुन्या मराठी ग्रंथांच्या रक्षणाच्या तीन पद्धती दिसतात. वारकऱ्यांनी ग्रंथ कंठात ठेवला. पारायण, कीर्तन, वारी यांतून 'ज्ञानेश्वरी' अखंड उच्चारली गेली. उच्चारली जाणारी संहिता बदलते, हा या पद्धतीतला धोका. पण तो ओळखून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी पाठ शुद्ध करून घेतला. महानुभावांनी ग्रंथ कुलुपात ठेवला. सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिल्यामुळे तो बाहेरच्यांना शतकानुशतके अगम्य राहिला. मात्र पंथाच्या आत त्याचे अध्ययन चालू होते, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी लिपीचा उलगडा झाल्यावर मराठीला तिचे जुने गद्य गवसले. अंबाजोगाईची पद्धत तिसरी : ग्रंथ देव्हाऱ्यात ठेवला. येथे कंठही नव्हता आणि कुलूपही नव्हते. मुकुंदराजांचा पंथ वारकऱ्यांसारखा पसरला नाही. दासोपंतांचा ग्रंथ कोणाच्याही कंठात मावणारा नव्हता. उरली ती भक्ती. तिने पोथ्या राखल्या, त्यांना अभ्यासक दिला नाही. 'गीतार्णवा'सारख्या ग्रंथाचे पुष्कळ काळपर्यंत मोजकेच अध्याय छापलेले होते, याचे मूळ केवळ खर्चात नाही. अपुरा राहिला तरी तो कोणाला अडत नव्हता, यात ते आहे.

ज्या वर्षांत एकनाथ पैठणला तीनशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथाचा पाठ ओवी-ओवी लावीत होते, त्याच पिढीत दासोपंत स्वतःच्या ओव्यांची संख्या वाढवीत होते. या योगायोगातून घेण्यासारखा बोध असा की, वाङ्मयाच्या परंपरेला जशी निर्मात्याची तशीच पाठ लावणाऱ्याची गरज असते. 'ज्ञानेश्वरी'ला एकनाथ लाभले. 'विवेकसिंधू'ला तसा कोणी लाभला नाही, म्हणून त्याची भाषा कोणत्या शतकाची याविषयी आपण अजून वाद घालीत आहो.

यावर कोणी म्हणेल, आणि ते म्हणणे बिनतोड आहे, की पूजा नसती तर वाचावयाला काही उरलेच नसते. निजामाच्या राज्यात या गावाचे नावदेखील मोमिनाबाद झाले होते. मराठी शाळेसाठीसुद्धा झगडावे लागत होते. अशा काळात कापडाचा एक तुकडा आणि पोथ्यांची काही गाठोडी ज्या श्रद्धेने जपली, तिला पुस्तकी तराजूने तोलणे हा कृतघ्नपणा होईल. हा आक्षेप मी मान्य करतो. माझे म्हणणे एवढेच की रक्षण हे वाचनाचे पहिले पाऊल आहे, त्याचा पर्याय नव्हे. याच गावाने त्याचे उत्तरही दिलेले आहे. १९३५ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ यांनी हिप्परग्याचे आपले शैक्षणिक कार्य येथे आणले, आणि गावाच्या देवीच्या नावाने विद्यालय उभे राहिले. स्वामीजी पुढे हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचे नेते झाले म्हणून त्यांचे स्मरण होते; पण योगेश्वरीचे नाव शाळेला देण्यातला अर्थ वाङ्मयाच्या अभ्यासकाला अधिक जवळचा वाटावा. देवतेच्या नावाखाली वर्ग भरला, फळा आला, प्रश्न विचारणारी मुले आली. पासोडी ज्या हेतूने लिहिली गेली असावी त्या हेतूशी हे कृत्य जुळणारे आहे.

९

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्यासाठी भाषेचे प्राचीनत्व सिद्ध करावे लागले, आणि प्राचीनत्वाच्या सिद्धतेत जुन्या ग्रंथांची नावे मोठ्या अभिमानाने घेतली गेली. हा सन्मान योग्यच आहे. मात्र जे अंबाजोगाईत घडले ते साऱ्या मराठीच्या बाबतीत घडण्याचा संभव यातून निर्माण झाला आहे. ग्रंथ पुराव्यादाखल उपयोगी पडला की त्याचे काम संपले, असे वाटू लागते. ज्या भाषेचे ग्रंथ केवळ त्यांच्या वयासाठी पूज्य ठरतात ती भाषा अभिजात खरी, पण तिची अभिजातता समाधीतली.

आपण काय करावे याचे उत्तर फार दूर नाही. 'विवेकसिंधू'च्या उपलब्ध पोथ्या एकत्र करून, त्यांतील पाठभेद नोंदवून, तो कोणत्या शतकाचा हा वाद क्षणभर बाजूला ठेवून त्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करावी. कदाचित त्या पाठभेदांतच वादाचे उत्तर सापडेल. 'गीतार्णवा'तून वेचे निवडून, त्यांतील शब्दांचा कोश जोडून, विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला वाचता येईल असे एक पुस्तक करावे. पासोडीचा अभ्यास तत्त्वज्ञानाच्या आणि अध्यापनशास्त्राच्या अभ्यासकांनी मिळून करावा. यांतले कोणतेही काम चमत्काराने होणार नाही, आणि रिकिबीत पाय ठेवण्याइतक्या वेळात तर नाहीच.

योगेश्वरीच्या कथेतले वऱ्हाड मुहूर्त टळला म्हणून दगडाचे झाले. ग्रंथाला असा मुहूर्त नसतो. तो कितीही उशिरा उघडला तरी त्याचे शब्द पुन्हा बोलू लागतात. मात्र तो कोणीतरी उघडावा लागतो. बालाघाटाच्या दरीकाठी एक समाधी आणि नृसिंहतीर्थावर दुसरी, अशा दोन ठिकाणी लोक फुले वाहतात. ती वाहिली जावोत. त्यांच्या जोडीला त्या दोघांच्या ग्रंथांवर एखादी शंका, एखादा मतभेद, एखादी सयुक्तिक तक्रार वाहणारा वाचक तेथे येऊ लागला, तर गुरुशिष्यसंवादाची वाट पाहत बसलेल्या त्या ग्रंथकारांना अधिक समाधान होईल, असे मला वाटते.